वायरगार्ड व्हीपीएन चालू होतं पण साइटी अडकतात, कोणी सांगा भो

भुसावळला घरून काम करतोय, उबुंटूवर टर्मिनलमधून डब्ल्यूजी-क्विक अप कमांडने ते चालू केलं, सर्व्हरशी हँडशेक (जोडणी) दिसतो, पिंगपण जातो, पण जड साइट उघडली की नुसती फिरत बसते, एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन होतं आणि मोठी फाइल कॅट केली (स्क्रीनवर दाखवली) की गोठतं. नेट मोबाइल हॉटस्पॉटचं आहे. कॉन्फिग तीनदा तपासली.

— पिंग जातोय म्हणजे किल्ल्या (कीज) आणि राउटिंग बरोबर आहे, उगाच तिथे डोकं नको लावू. एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, लफडा वाटतो. वायरगार्ड साधारण 1420 बाइट धरतं, मोबाइल नेटवर तेवढं पॅकेट कधी कधी जात नाही. कॉन्फिगच्या इंटरफेस सेक्शनमध्ये एमटीयू 1280 टाक, डाउन करून परत अप कर.

— आणि पीअर सेक्शनमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह 25 ठेव, म्हणजे दर 25 सेकंदांनी छोटं पॅकेट जात राहतं, नाहीतर थोडा वेळ काही केलं नाही की सर्व्हरकडून येणारं बंद पडतं. चाळीसगावला माझं हेच व्हायचं, मी मात्र आठवडाभर राउटरला शिव्या देत होतो. कॉन्फिग इथे टाकशील तर प्रायव्हेट की काढून टाक बरं!

— जमनं भो! 1280 वर सगळं पळतंय. वांग्याचं भरीत लागू तुम्हाला.