ताईच्या कॉलनीतली हरणं: आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई (न्यू जर्सी): सगळ्यांना एक विचारायचंय. या वेळचा फोटो ‘किती गोड’ म्हणण्यासाठी नाही. हे आमचं मागचं अंगण, आज सकाळचं. सहा माद्या आणि त्यांची पाडसं. कॉलनीच्या समितीपुढे ठराव आलाय. गाव राज्याचा परवाना काढून या हिवाळ्यात नेमबाज आणणार आहे. त्यांना आमच्या घरांमागचं सामाईक रान वापरू द्यायचं का, यावर गुरुवारी घरटी एक मत घेणार. आमच्या घराचं मत मला द्यायचंय आणि माझं मन थाऱ्यावर नाही.

काकू: म्हणजे गोळ्या घालून मारणार? अगं, मुक्या जनावरांना दोन घास घाल की. एवढी मोठी अंगणं तुमची.

ताई: आई, शेजारची बाई तेच करते. पोत्यानं मका ओतते. त्यामुळेच सगळा कळप आमच्या ओळीत मुक्कामाला आलाय.

मी (गुरांची डॉक्टर): काकू, मका तर अजिबात नको. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. थंडीत ते काटक्या, कळ्या, साली चावून जगतं आणि त्याच्या पोटातले जंतू त्याच खाण्याला सरावलेले असतात. एकदम पोटभर दाणे गेले की पोटात आम्ल चढतं. गाईनं मक्याच्या पोत्यात तोंड घातलं की मला सिन्नरहून रात्री-अपरात्री फोन येतात, ते याचसाठी. गाईला मी सलाईन लावू शकते. हरणाला कोण लावणार? भरल्या पोटी मरतं ते.

दादा (मखमलाबाद): पण ताई, नक्की त्रास काय? झाडं खातात एवढंच ना?

ताई: माझ्या बागेचं मी केव्हाच सोडून दिलंय. ट्यूलिप, हॉस्टा, सफरचंदाची कलमं, काही राहिलं नाही. पण तू मागच्या रानात चल माझ्याबरोबर. वर उंच ओक आणि मेपल, आणि खाली नुसता पाचोळा. गुडघ्याएवढं एक रोप सापडणार नाही. ओकचं बी रुजतं, दोन पानं येतात, त्याच हंगामात खुडली जातात. ही म्हातारी झाडं उद्या पडली तर त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नाही. खालच्या झुडपांत घरटी करणारे पक्षीही त्यामुळे कमी झालेत. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचा माजाचा काळ. दिवेलागणीला नर माद्यांच्या मागे धावत थेट रस्त्यावर येतात. या देशात वर्षाला दहा लाखांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात, माणसंही जातात त्यात.

आणि गोचीड. माझ्या लेकीला, पिल्लूला, मागच्या जूनमध्ये लाइमचा आजार झाला होता, तो गोचीड चावून होतो. मांडीवर मोठा गोल लाल चट्टा, ताप, अंगदुखी. चावलेली गोचीड आम्हाला दिसलीसुद्धा नाही, खसखशीएवढी असते ती. कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे, तिथं १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजायला लागले तेव्हा हा आजार पहिल्यांदा लक्षात आला. आमच्या राज्यात त्याचे रुग्ण भरपूर.

काकू: पिल्लूला? आणि मला आत्ता सांगतेस?

ताई: आई, ती ठणठणीत आहे. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला. आता पोहायला जाते.

मी: ताई, एक गोष्ट नीट सांगते, कारण समितीत कोणीतरी नक्की म्हणणार, ‘हरणं मारा, लाइम जाईल’. ते इतकं सरळ नाही. लाइमचा जंतू गोचिडीला मिळतो तो मुख्यतः तिथल्या पांढऱ्या पायांच्या रानउंदरांकडून. हरणाकडून नाही. हरणाचं काम वेगळं. मोठ्या झालेल्या गोचिडी त्याच्या अंगावर रक्त पितात, तिथंच जुळतात आणि मग मादी खाली पडून हजारोंनी अंडी घालते. म्हणजे हरणं गोचिडींची पैदास पोसतात. कळप थोडासा घटवून आजार कमी होईल असं वचन कोणी देऊ नये. ठरावात लाइमचं कारण पहिलं लिहिलं असेल तर ते खाली घ्यायला सांग. पहिलं कारण रानाचं असू दे, ते पक्कं आहे.

धाकटा (पुणे): मारायचं कशाला पण? पकडून लांब सोडा ना. मध्य प्रदेशात शाजापूरकडं २०२५ च्या ऑक्टोबरात तेच केलं. हेलिकॉप्टरनं हाकत हाकत आठशेच्या वर काळविटं बोमात घेतली आणि जंगलात नेऊन सोडली. शेतकऱ्यांचंही काम झालं, एक गोळी नाही.

नाना (राजापूर, येवला): बोमा म्हणजे?

धाकटा: नाना, नरसाळ्याच्या आकाराचं कुंपण. तोंड रुंद, पुढं निमुळतं होत जातं आणि शेवटी गाडी लावलेली. जनावराला हात न लावता आत घ्यायचं.

मी: शाजापूरचं काम चांगलंच झालं, पण ते मोकळ्या माळावर, आणि सोडायला जागा होती. ताईकडं घरं, कुंपणं, रस्ते. शिवाय हरीण पकडताना इतकं घाबरतं की धडपडीत त्याचे स्नायूच खराब होतात आणि सुटल्यावर दोन-चार दिवसांनी मरतं. आपण बघितलेलं नसतं म्हणून वाचलं असं वाटतं. आणि सोडणार कुठं? शेजारच्या गावांतही हाच प्रश्न आहे. रोग पसरतो म्हणून तिथली बरीच राज्यं हरणं हलवायला परवानगीच देत नाहीत. आपल्याकडं दिल्लीच्या हौज खासचं डिअर पार्क बघ. १९६० च्या दशकात मूठभर चितळ आणून सोडले, त्यांचे झाले सहाशेच्या आसपास. २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं मान्यता काढली, राजस्थानात हलवायला सुरुवात झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सहाशे जनावरांसाठी ही गत.

दादा: मग नसबंदी? कुत्र्यांची करतो तशी.

मी: न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी करतायत. चौफेर पाणी आहे म्हणून तिथं काही जमलं, तरी खर्च दशलक्ष डॉलरांत. ताईच्या गावाला समुद्र नाही. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, शेजारच्या रानातून दोन धडधाकट नर आले की सगळी मेहनत पाण्यात. माद्यांसाठी लस आहे, डुकराच्या अंडाशयापासून बनवतात, लांबून बाणानं टोचतात. पण पुन्हा पुन्हा टोचावी लागते आणि जी हरणं आज आहेत ती तशीच राहतात, दहा-दहा वर्षं. रान तोवर थांबणार नाही.

काकू: आजी शेजारी बसलीय, तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, आपण पंचवटीतली माणसं, हरणाच्या मागे लागून रामाचं काय झालं ते विसरू नका. आणि ताई, मीही सांगते. तुझ्या आजोबांच्या गळ्यात माळ होती. या घरातून हत्येला ‘हो’ जाऊ नये.

ताई: आई, म्हणूनच तर ग्रुपवर विचारलं. ‘नाही’ लिहून मोकळं होणं सोपं आहे गं. पण ‘नाही’ म्हटल्यावर रस्त्यावर पाय मोडून तडफडणारं हरीण, ते कोणाच्या खात्यावर? मागच्या आठवड्यात बघितलंय मी. पोलीस येईपर्यंत जिवंत होतं.

नाना: मी बोलू का? मगापासून वाचतोय.

पोरी, ममदापूरचं काळविटांचं राखीव क्षेत्र माझ्या बांधापासून लांब नाही. मी लहान होतो तेव्हापासून हरणं बघतोय. हरभरा घाट्यात आला की कळप उतरतो. गव्हाचा कोंब, मूग, भुईमूग, कशाला नाही म्हणत नाही. जेवढं खातं त्याच्या दुप्पट तुडवतं. थंडीच्या दिवसांत तुझी काकी आणि मी पाळीपाळीनं राखण करतो, पत्र्याचा डबा वाजवत. एका रात्री डोळा लागला तर सकाळी एका वाफ्यात हरभरा दिसत नव्हता. भरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो, सगळं करायचं, मग वाट बघायची. जे मिळतं त्यात बियाणं निघतं, घाम निघत नाही.

हे सगळं खरं. आणि उन्हाळ्यात तेच हरीण पाण्यासाठी वणवण करत विहिरीत पडतं तेव्हा दोर घेऊन उतरणारेही आम्हीच. गावातली पोरं वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन लावतात आणि गाडी येईपर्यंत कुत्र्यांना हाकलत बसतात. आमच्याकडं कोणी हरणाला मारा म्हणत नाही. पण शहरातली माणसं रविवारी गाडीतून येतात, फोटो काढतात आणि ‘किती नशीबवान तुम्ही’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. दया करायची तर तिची किंमत सगळ्यांनी मिळून द्यायला हवी. एकाच्या हरभऱ्यानं ती फेडायची नसते.

आता मला एवढंच सांग. तुमच्याकडं लांडगा नाही का? आमच्या माळावर आहे, थोडा का होईना. म्हातारं, लंगडं, पाडस, तो उचलतो.

ताई: नाही नाना. लांडगा आणि इथला मोठा वाघरासारखा प्यूमा, दोन्ही या भागातून माणसानं केव्हाच संपवले. कायोटी आहे, कोल्ह्यासारखा, तो पाडसं धरतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

मी: नानांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. हरणांची चूक नाहीच यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीपायी अख्ख्या अमेरिकेत ही पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम ५ लाखांच्या आसपास उरली होती. मग कायदे झाले, बाजारात मांस विकायला बंदी आली, हरणं वाचली. तिथवर फार चांगलं काम. पण लांडगा परत आला नाही, आणि माणसानं जंगलाला लागून घरं, हिरवळ, फुलझाडं केली. हरणाला नेमकं तेच आवडतं, रानाची कड. आज ती साधारण ३ कोटी आहेत. आपल्या काळविटाला एका वेळी एकच पाडस होतं. त्यांच्या मादीला खायला नीट मिळालं तर जुळं. नुकतीच वयात आलेली मादीसुद्धा विते. दोन-तीन वर्षांत कळप दुप्पट होऊ शकतो.

म्हणून माझं मत, ताई. जिथं आपण शिकारी प्राणी काढून टाकला आणि ताट वाढून ठेवलं, तिथं त्याचं कामही आपल्याकडेच आलं. ते नाकारलं तर रोग, उपासमार आणि गाड्या ते करतात, आणि जास्त क्रूरपणे करतात. तुझ्या जागी मी ‘हो’ म्हणेन. आपल्याकडं मात्र मी ठाम ‘नाही’ म्हणेन. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाखाली आहे, कारण त्याचा माळच आपण खाऊन टाकलाय. तिथलं उत्तर इथं आणायचं नाही. आपल्याकडं लागतं ते वेळेवर पाणी, विहिरींना कठडे आणि नानांची भरपाई.

पण नुसतं ‘हो’ लिहू नकोस, अटी घाल. मारायच्या तर माद्या. शिंगाळे नर मारून कळप घटत नाही, भिंतीवरची शोभा तेवढी वाढते. काम फक्त कसलेल्या नेमबाजांनी करायचं, हौशी माणसांनी नाही, म्हणजे जखमी होऊन पळणारं जनावर राहणार नाही. मांस अन्नछत्राला. तुमच्याच राज्यातल्या प्रिन्स्टनमध्ये वर्षानुवर्षं असंच करतात ना?

ताई: हो, तिथं २००१ पासून. सुरुवातीला प्रचंड विरोध झाला होता.

मी: आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘इतकी हरणं मारली’ हा आकडा यश म्हणून मांडू देऊ नकोस. रानात दोन-तीन ठिकाणी खोलीएवढी जागा आठ फुटी जाळीनं बंद करा. आत किती रोपं उगवतात, बाहेर किती, दरवर्षी मोजा. बाहेरची रोपं गुडघ्यापर्यंत आली की नेमबाज थांबवायचे. थांबायचं कधी ते आधी ठरलेलं हवं.

नाना: हे पटलं. कुठं थांबायचं ते ठरवूनच हत्यार हातात घ्यावं.

काकू: मला नाही पटत. पण ताई, तू तिथं राहतेस, पिल्लू तिथं खेळते. मी तुला दोष देणार नाही. आजी काही बोलली नाही, तिला त्रास झालाय.

ताई: आई, मी उद्या आजीला फोन करते. खाऊ घालण्यावर दंडासकट बंदी, पानगळीनंतर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं मोजणी, जाळीचे तुकडे आणि त्यानंतरच नेमबाज, असं लेखी देतेय.

(शुक्रवार)

ताई: ठराव झाला. थोड्याच मतांनी. जाळीची अट मान्य, माद्यांची मान्य, मांस अन्नछत्राला जाणार. मोजणी डिसेंबरात. खाऊ घालण्यावरची बंदी मात्र ‘विनंती’ म्हणून लिहिली, दंड नाही. शेजारची बाई सभेत रडली. तिचा नवरा गेल्यापासून ती हरणं हीच तिची सोबत आहे. आज सकाळी पुन्हा मका ओतलाय.

मी: तिला नियम दाखवू नकोस, ती ऐकणार नाही. तिच्याकडे जाऊन बस आणि हरणांच्या बाजूनं बोल. तिथं हरणांना मेंदूचा एक रोग होतो, पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोत दिसला. जनावर खंगत जातं, लाळ गाळतं, तोल जातो आणि मरतं. औषध नाही, लस नाही. लाळेतून, मुताशेणातून पसरतो आणि त्याचं विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं. तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून सापडतोय. एका ढिगात वीस तोंडं जातात तिथं तो सगळ्यात लवकर पसरेल. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात २०२५ च्या जुलैत लाळ्या-खुरकतीनं थोड्याच दिवसांत पंधरा-सोळा चितळ गेले. तो रोग वेगळा, पण दाटीत राहणाऱ्या हरणांचं काय होतं ते तिला कळेल.

काकू: आणि तिला एकटीला सोडू नका. रविवारी जेवायला बोलाव. पुरणपोळी कर, मी व्हिडिओवर सांगते. पक्ष्यांचं भांडं अंगणात ठेवायला दे, ते चालतं ना गं छोटे?

मी: चालतं काकू. फक्त दाणे खाली सांडू द्यायचे नाहीत, आणि भांडं हरणाच्या तोंडाला पुरणार नाही इतकं उंच टांगायचं.

ताई: रविवारी बोलावते. नाना, तुमच्या विहिरीला कठडा कितीत होईल ते कळवा.

नाना: गवंड्याला विचारून उद्या सांगतो. बांधावरच्या दोन विहिरी उघड्या आहेत, दोन्हींचं विचारतो.