बर्फ कारखान्यात आत गेलेल्या जवानांचा हिशेब बाहेर कसा ठेवायचा?

जेटी_बंब:
नगरपरिषदेचं लहान केंद्र आहे. पाळीला पाच जवान आणि एक चालक, बी.ए. सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) चार. हद्दीत जेटीवरचे बर्फ कारखाने आणि मासळीची शीतगृहं, म्हणजे अमोनिया आलाच. कॉल मोठा असला की एमआयडीसीचा बंब आणि कंपन्यांची पथकंही येतात. आत कोण आहे, कधीपासून आहे, किती हवा घेऊन गेलाय, हे सगळं प्रमुखाच्या डोक्यात. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला निधी मिळणार नाही. आपल्या पावसात टिकेल असं हाताने चालणारं काय करता येईल? आणि ते सांभाळायचं कोणी?

खाडीपलीकडे:
टॅली (प्रत्येक जवानाच्या नावाची पट्टी) आणि ती आत जाताना अडकवायचा बोर्ड. लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरात १९५८ साली आगीत दोन फायरमनचा जीव गेला, त्यानंतर ब्रिटनमध्ये ही पद्धत पक्की झाली. बॅटरी लागत नाही, म्हणून आजही चालते.

३ मिमी पिवळ्या ॲक्रिलिकच्या टॅली कापून घ्या. नाव, केंद्र आणि सेट क्रमांक कोरून घ्या, रंगवलेली अक्षरं घामाने जातात. एरवी टॅली सेटच्या पट्ट्यालाच लटकलेली असावी. मास्क चढवला, गळती तपासली, की टॅली काढून बोर्डवाल्याच्या हातात द्यायची. त्याने गेजवरचा दाब स्वतः वाचायचा, जवानाने सांगितलेला लिहायचा नाही. व्हाइटबोर्ड मार्कर पहिल्याच सरीत धुऊन जातो; काचेवर लिहायची ग्रीस पेन्सिल वापरा. हुक पितळेचे. लोखंडी क्लिप खाऱ्या हवेत गंजून अडकते आणि घाईत उघडत नाही. घड्याळ बोर्डवरच एक बसवा आणि सगळ्या वेळा त्याच घड्याळाच्या.

बार_आणि_लिटर:
वरच्यात भर. बोर्डवर ‘आत गेल्याची वेळ’ असते, पण खरा रकाना ‘शिट्टीची वेळ’ हा, म्हणजे हवा संपत आल्याची सेटची शिट्टी कधी वाजेल ती वेळ. तो माणूस आत जातानाच भरायचा.

६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला म्हणजे कागदावर १८०० लिटर हवा. प्रत्यक्षात एवढ्या दाबाला साधारण दहा टक्के कमीच मिळते. शिट्टी ५५ बारला धरा. जवान २६० बारवर आत गेला तर (२६० − ५५) × ६ = १२३० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर ३० मिनिटं. जिन्यावरून होज ओढणाऱ्याला ६० लिटर सहज लागतात, म्हणजे २० मिनिटंच. आपल्याकडे मे महिन्यात, दमट हवेत, मी ६० नेच हिशेब करायला सांगेन. जोडीत ज्याचा दाब कमी, त्याची वेळ दोघांना लागू.

शिट्टी म्हणजे बाहेर पडायची वेळ नव्हे! ती वाजेपर्यंत माणूस दाराबाहेर असला पाहिजे. शिट्टीनंतर उरतात ३३० लिटर, ६० च्या दराने साडेपाच मिनिटं.

आणखी एक. सिलिंडर बदलून पुन्हा गेला तर नवी ओळ, नवा दाब. जुनी ओळ खोडून त्यावरच लिहिलं की घोळ झालाच.

लोटे_पाळी:
दोन-तीन पथकं आली की गडबड होते ती दारांमुळे. माणूस पुढच्या दाराने जातो, मागच्या दाराने बाहेर येऊन पाणी पीत बसतो आणि टॅली बोर्डवरच राहते. मग त्याला शोधायला दोघं आत जातात. म्हणून जायची जागा एक, यायचीही तीच. नाइलाजाने दुसरीकडून बाहेर पडला तरी स्वतः चालत बोर्डपाशी यायचं. टॅली ज्याची त्यानेच परत घ्यायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. टॅली लटकतेय तोवर माणूस आत आहे असंच धरा.

कंपनीच्या पथकांना वेगळ्या रंगाच्या कोऱ्या टॅली द्या. ज्याच्याकडे टॅली नाही तो आत जाणार नाही, मग तो प्लँटचा ऑपरेटर असो की कारखान्याचा मालक.

साहेबांनाही टॅली लागते. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत २०१५ साली आपण ज्या चौघांना गमावलं, ते चौघेही अधिकारी होते. ‘जरा बघून येतो’ म्हणून आत जाणाऱ्या वरिष्ठाला अडवायचा अधिकार बोर्डवाल्याला लेखी द्या, नाहीतर कोणी अडवणार नाही.

दर दहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर जोडीनिहाय हजेरी: कुठे, किती बार. ‘बाहेर या’चा इशारा दिल्यावर किंवा छत-भिंत पडल्यावर लगेच पुन्हा. शीतगृहाच्या इन्सुलेटेड भिंतीआड वॉकीटॉकी दगा देतो, म्हणून परतीचा इशारा बंबाच्या हॉर्नचाच ठेवा.

जेटी_बंब:
सगळ्यांचे आभार. पाच जणांत बोर्डला माणूस कुठून काढू? चालक पंपावर असतो.

खाडीपलीकडे:
सेट चार, म्हणजे आत दोघंच. उरलेले दोन सेट चढवून दोघं बाहेर सज्ज राहणार. पाचव्याकडे बोर्ड, आणि त्याने होजला हातही लावायचा नाही. तुम्ही प्रमुख म्हणून त्या पाचात असाल तर सुरुवातीला बोर्ड तुमच्याकडे, एमआयडीसीचा बंब आल्यावर पहिला माणूस त्यासाठी मागून घ्या. चालकाला देऊ नका, पाण्याचा दाब सोडून तो दुसरीकडे बघू शकत नाही.

जेटीवर वाऱ्याचं भान ठेवा. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा बोर्ड आणि प्रवेश समुद्राच्या बाजूला. रात्री मतलई वारे सुटले की अमोनियाचा पांढरा ढग नेमका तिकडेच येतो. काम संध्याकाळवर लांबलं तर जमिनीकडची दुसरी जागा आधीच हेरून ठेवा. बोर्ड हलवायचा तो आत कोणी नसताना. तेवढी उसंत नसेल तर आधी आतल्या प्रत्येक जोडीला नवं दार कळवून, त्यांचं उत्तर ऐकून, मगच.