शेजारच्या दोन क्षेत्रांची सामाईक कडा कशी काढता?

ओपनस्ट्रीटमॅपवर (सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर) जंगलाला लागून शेत काढतोय. उपग्रहचित्रात मध्ये कुंपण नाही की पायवाट नाही, झाडं संपली की शेत सुरू. तीच कडा पुन्हा गिरवली, तर झूम केल्यावर कुठे फट दिसते, कुठे शेत जंगलात घुसलेलं. दोन्हींना तेच नोड (रेषेवरचे बिंदू) वापरू की एकच रेष ठेवून मल्टिपॉलिगॉन (रेषा एकत्र बांधून केलेलं क्षेत्र) करू? शेताच्या दुसऱ्या बाजूला रस्ता आहे, तिथेही हेच करायचं का?

प्रतिसाद १
नोड तेच वापरा. पुढे कुणी चांगल्या चित्रावरून कडा सरकवली की दोन्ही क्षेत्रं एकदम सरकतात. प्रत्येक नोडवर क्लिक करत बसू नका. कडेवरचे दोन नोड लागोपाठ पकडा आणि एफची कळ दाबत राहा, रेष एकेक नोड पुढे जाते. जोसम आणि आयडी, नकाशा संपादित करायच्या या दोन्ही प्रोग्रॅममध्ये चालतं.

प्रतिसाद २
+१. एवढ्याशा कडेसाठी मल्टिपॉलिगॉन म्हणजे उगाच डोकेदुखी. टॅग (हे जंगल, हे शेत ही माहिती) रेषेवर न राहता रिलेशनवर (रेषांना बांधणाऱ्या गटावर) जातात, नवख्याला नुसती बिनटॅगची रेष दिसते, तो ती उडवतो आणि वर्तुळ तुटून सगळं जंगल नकाशावरून गायब!
क्षेत्राच्या आत भोक असेल, उदा. जंगलातलं तळं, तर मात्र मल्टिपॉलिगॉन हवाच. एका वेमध्ये (नोड जोडून काढलेल्या रेषेत) २००० पेक्षा जास्त नोड मावत नाहीत, त्यामुळे अवाढव्य जंगलालाही तोच लागतो. प्रशासकीय हद्दींचं गणित वेगळं. तिथे रेष एकदाच काढायची आणि तोच वे दोन्ही शेजाऱ्यांच्या रिलेशनमध्ये घालायचा.

प्रतिसाद ३
रस्त्याला चिकटवू नका, हात जोडून सांगतो. नकाशावरची रेष ही रस्त्याची मध्यरेषा असते आणि शेत काही डांबराच्या मधोमध संपत नाही. उद्या कुणी रस्ता सरळ केला की शेतही ओढलं जातं. शेताची कडा खरी जिथे आहे तिथेच काढा. आधीच कुणी चिकटवलं असेल तर जोसममध्ये नोड निवडून जीची कळ दाबा, सुटतो.

धागाकर्ता
एफचं माहीतच नव्हतं, भारी आहे! प्रशासकीय हद्द नदीवरून जात असेल तर नदीचेच नोड वापरायचे?

प्रतिसाद २
मी तरी वापरत नाही. पात्र सरकतं, कागदावरची हद्द त्याच्यामागे सरकेलच असं नाही. नदी सुधारणाऱ्याच्या हातून नकळत हद्दही हलायची.

प्रतिसाद १
हद्द कायद्यानेच नदीच्या प्रवाहाला बांधलेली असेल तर चालेल की. आधी ते तपासा.