जेजुरीच्या फोटोत फक्त भंडारा पिवळा ठेवायचाय, सल्ला हवा

चिंचगूळ
सोमवतीला जेजुरीला गेले होते. पालखी कऱ्हेकडे निघताना एक फोटो मनासारखा मिळाला. दीपमाळेशेजारी लाल फेटेवाले आजोबा दोन्ही हात वर करून भंडारा उधळतायत, मागे दगडी कमान आणि मधे तो पिवळा ढग. भिंतीवर लावायचाय, भंडारा तेवढा पिवळा आणि बाकी सगळं कृष्णधवल असा.
लाइटरूममध्ये पिवळा सोडून बाकी रंगांचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) -१०० केलं, तर आजोबांचा चेहरा अर्धा राखाडी, अर्धा पिवळा. कावीळ झाल्यासारखा. फोटोशॉपमध्ये 'सिलेक्टिव्ह कलर' दिसलं म्हणून आशेने उघडलं, तर आत सायन, मॅजेंटा असलं काहीतरी. कुणी नीट समजावेल का? फोटो जेपेग आहे, रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) नाही. (ओरडू नका.)

बोरूबहाद्दर
ते सिलेक्टिव्ह कलर विसरा. एकच रंग ठेवायच्या या प्रकारालाही नाव तेच, पण त्याचं काम वेगळं. लाल, पिवळा अशा एकेका रंगात शाई किती कमीजास्त करायची, हे ठरवायचा तो छपाईवाल्यांचा प्रकार आहे.

चेहऱ्याचं म्हणाल तर, माणूस गोरा असो की सावळा, स्लायडरच्या लेखी त्वचा केशरीच्या आसपासच असते. हळदही तिथेच, केशरी आणि पिवळ्याच्या मधे. त्यामुळे त्या बिचाऱ्याला हळद कुठली आणि गाल कुठला ते कळत नाही. नुसत्या रंगावर विसंबू नका, मास्क करा, म्हणजे बदल फोटोत कुठे लागावा आणि कुठे नाही ते ठरवणारा पडदा.

फोटोशॉपमध्ये आधी सिलेक्ट मेनूतलं कलर रेंज उघडा. ढगाच्या दाट भागावर ड्रॉपरने टिचकी मारा, मग शिफ्ट दाबून विरळ भागावर दोनतीन. फझिनेस (जवळपासच्या किती छटा धरायच्या ते) हळूहळू वाढवत न्या. ढगाला कड नसते, म्हणून लॅसोने, म्हणजे हाताने कड आखून, कापायला गेलात तर पिवळा कापूस चिकटवल्यासारखा दिसेल. कलर रेंज विरळ धूळ अर्धवट निवडतं, आपल्याला तेच हवंय. आता वर ब्लॅक अँड व्हाइटचा ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोवर ठेवायचा बदलाचा थर) टाका, निवडीचा मास्क त्याला आपोआप लागतो. निवडलेला भाग कृष्णधवल होईल आणि बाकी रंगीत, म्हणजे बरोब्बर उलटं. घाबरू नका, मास्कवर टिचकी मारून कंट्रोल आय दाबा.

मग मास्कवरच पांढरा, मऊ ब्रश घेऊन चेहऱ्यावरून फिरवा, तेवढा भाग कृष्णधवल होईल. ओपॅसिटी (जोर) ३० टक्के. कपाळावर खराच भंडारा लागला असेल तर तो सोडा, तो पुसलात तर फोटोतली जानच जाईल.

आणि ह्यू-सॅच्युरेशनने -१०० नको. त्यात शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा तिघेही एकाच राखाडीत जातात, सगळं सपाट दिसतं. ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो. लाल खाली ओढा, फेटा गडद होईल आणि मागचा पिवळा ढग उठून येईल.

भटकी_चप्पल
+१. जेपेगबद्दल एक भर. त्यात उजेडाची माहिती पूर्ण असते, पण रंगाची बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मीच ठेवलेली असते. त्यामुळे रंगाच्या कडा मुळातच पसरट. बोटांच्या बाजूने मास्क फार धारदार केलात तर फिकट रेघ उरते. एकदोन पिक्सेल फेदर द्या, म्हणजे कड मऊ करा.
मोबाइलवरच करायचं तर स्नॅपसीडमध्ये कृष्णधवल फिल्टर लावा, मग केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन त्यातला ब्रश उघडा. उलटवायचं बटण दाबा आणि ब्रश ० वर ठेवून भंडाऱ्यावरून फिरवा. २५, ५० अशा पायऱ्याही आहेत, ढगाच्या कडेला त्या कामी येतात. बोट जाड असेल तर आधी झूम करा, अनुभवाचे बोल आहेत.

डार्करूमवाला
सगळ्यांनी कसं करायचं ते सांगितलं. मी विचारतो, करायचं कशाला? लग्नाच्या अल्बममध्ये कृष्णधवल नवरी आणि लालभडक गुलाब बघून आमचे डोळे विटले. जेजुरीत तर पायऱ्या, दगड, चपला सगळंच पिवळं असतं. त्यातला एकच ढग पिवळा ठेवणं म्हणजे गावजेवणात एकालाच वाढण्यासारखं.

तरी सोडवत नाही, कारण वडिलांचा स्टुडिओ होता. कृष्णधवल प्रिंटवर ते काडीला कापूस गुंडाळून पारदर्शक तैलरंग लावायचे. आधी गाल, मग ओठ, शेवटी साडीचा काठ. कुंकू मात्र ब्रशच्या टोकाने, श्वास रोखून. पण बाकीचा फोटो ते कधी कोरडा सोडत नसत, सगळीकडे एक पुसट हात फिरवायचेच. तेव्हा चिंचगूळताई, बाकीचा रंग शून्यावर नेऊ नका, थोडा राहू द्या. लेयरची ओपॅसिटी ८० करा, झालं.

अवांतर : स्पर्धेला पाठवणार असाल तर कृष्णधवल गटात टाकू नका. एफआयएपीच्या (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) व्याख्येनुसार कृष्णधवल चित्रात एक जरी रंग आला तरी ते रंगीत गटात जातं.

बोरूबहाद्दर
काका, एकालाच वाढलं तर निदान त्याचं पोट तरी भरतं :)
आणि हो, छापायला देताना फाइल आरजीबीतच (रंगीत प्रकारातच) ठेवा. एकदा एका लॅबवाल्याने 'कृष्णधवल आहे ना' म्हणून माझी फाइल ग्रेस्केल करून छापली. पैसे गेले आणि रंगही.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार! कलर रेंजने ढग झकास निघाला. कपाळावरचा भंडारा ठेवलाय. पायऱ्यांवर सांडलेलाही आपोआप निवडला गेला, तो मुद्दाम पुसला नाही, काकांचा मान. ओपॅसिटीही काकांनी सांगितल्याप्रमाणे ८० ठेवली आणि प्रिंट काढून आणली.
सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "फोटो उन्हात राहिला होता का गं?"
आता १०० करून परत छापतेय. काका, रागावू नका.