देवबंदला शिकलेला मौलवी मलेशियात 22-23 वर्षं मुख्यमंत्री? निक अझीझबद्दल कुणाला नीट माहितीये का

सातरस्ता_सोलापूर:
मंडळी, विजापूर वेशीतल्या आमच्या एका दोस्ताचा भाऊ देवबंदहून आलिम होऊन आलाय. परवा टपरीवर चहा पिताना राजकारणाचा विषय निघाला (दुसरा कुठला निघणार म्हणा), तर तो म्हणला आमच्या दारुल उलूममध्ये शिकलेला एक माणूस मलेशियात केलांतान राज्याचा 1990 ते 2013 मुख्यमंत्री होता, निक अब्दुल अझीझ निक मात म्हणून. घरी येऊन नेटवर बघितलं तर खरंच की! आता आपल्याकडं गौडगावच्या महाराजांना 2019 ला लोकसभेवर जाताना बघितलं आपण, समोर सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर असताना. पण 2024 ला तिकीट दुसऱ्यालाच. एक टर्म समजू शकतो, लाट असते, भक्त असतात. इतकी वर्षं कशी टिकतात? जिकडं वाचावं तिकडं 'साधी राहणी, साधी राहणी' एवढंच लिहिलंय. नुसत्या साध्या राहणीवर कोण निवडून देतंय ओ?

पेठेतला_मास्तर:
साधी राहणी खरी होती, पण ते उत्तर अर्धंच आहे. जन्म 1931 चा, वडील पण धर्मशिक्षकच. 1950 च्या दशकात देवबंद, मग लाहोर, मग कैरोचं अल-अझहर. परत येऊन धार्मिक शाळेत मास्तरकी. 1967 ला पास पक्षात, म्हणजे तिथला इस्लामी पक्ष, आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीतून थेट संसदेत. लोक इथून उडी मारून 1990 ला जातात, पण खरी गंमत मधल्या काळात आहे.
पास आधी सत्ताधारी आघाडीत गेला होता, तिथं भांडण झालं, 1977 ला केलांतानमध्ये आणीबाणी लागली, पक्ष आघाडीतून बाहेर, आणि 1978 च्या राज्य निवडणुकीत 36 पैकी 2 जागा. दोन! ज्या राज्यात वर्षानुवर्षं राज्य केलं तिथं. पक्ष संपला असंच सगळे धरून चालले होते. त्याच पडत्या काळात राज्यातला पक्ष निक अझीझच्या हातात आला. 1982 ला वरचं जुनं नेतृत्व पायउतार झालं आणि उलेमांनी पक्ष ताब्यात घेतला, त्यात हे पुढं होते. पुढं उम्नोतून, म्हणजे केंद्रातल्या सत्ताधारी पक्षातून, फुटलेल्या तेंगकू रझालेह यांच्या पक्षाशी युती करून 1990 ला 39 पैकी 39. साधेपणा 1978 ला पण होताच की, तेव्हा का नाही मतं पडली? मधल्या 12 वर्षांत हा माणूस काय करत होता ते बघा. शिकवत होता. गावोगावच्या मशिदीत, मुख्यमंत्री झाल्यावर पण.

केएल_रिटर्न:
मास्तरांचं बरोबर आहे, मी बघितलंय ते. क्वालालंपूरला (केएल) कामाला होतो, कंपनीच्या कामानं कोटा भारूला, म्हणजे केलांतानच्या राजधानीला, जाणं व्हायचं. तिकडं सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी सकाळी पक्षाच्या ऑफिससमोरचा रस्ताच भरलेला, लोक डांबरावर पेपर नाहीतर चटई टाकून बसलेले, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कडेला खाण्याचे स्टॉल, टोप्या-अत्तरं-पुस्तकं विकणारे, एकदम गड्ड्याच्या यात्रेसारखं वाटायचं. आणि मुख्यमंत्री माईकवर कुराणातली एक आयत घेऊन समजावतोय, ते पण तिथल्या गावठी बोलीत, माझ्यासोबतच्या केएलच्या पोरालाच निम्मं कळत नव्हतं. मधेच लोक हसायचे, मधेच सरकारवर टोला, परत आयत. गावाकडचा माणूस बाजाराला यायचा, तास प्रवचन ऐकायचा, मासळी घेऊन घरी. पक्षाला वेगळी सभा घ्यायची गरजच काय राहिली मग? बंगल्यात राहायला गेले नाहीत, पुलाउ मलाका गावातल्या घरातच राहायचे, बाजूला मशीद आणि शाळा. तिथंच नमाज पढवायचे.

कडक_भाकरी:
आरती ओवाळून झाली असेल तर थोडं आम्ही पण बोलतो 😄 ते ऑफिसातला दिवा घरगुती बोलणं निघालं की बंद करायचे वगैरे फॉरवर्ड येतात ना, हीच गोष्ट खलिफा उमर बिन अब्दुल अझीझबद्दल मेणबत्ती घालून शेकडो वर्षं सांगतात. माणूस प्रामाणिक असेल, मान्य, पण 22 वर्षांत नळाला पाणी कसलं? पिवळं. केलांतानची बोंब आहे ती, लोक विहिरीचं, बोअरचं पाणी वापरतात. आम्ही सोलापूरकर चार-चार दिवसांनी पाणी आलं तरी पुढाऱ्याला शिव्या घालतो, तिकडं देवाचा माणूस म्हणून माफ? तरणी पोरं कामाला केएल नाहीतर सिंगापूर. आणि 1991 ला मक योंग (नृत्यनाट्य), वायांग कुलित (सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ) असल्या पिढीजात लोककलांवर बंदी घातली. आपल्याकडं उद्या कुणी येऊन भारूड-तमाशा बंद म्हणला तर?

पेठेतला_मास्तर:
भाकरीसाहेब, पाण्याचा मुद्दा चोख. फक्त तेलाच्या रॉयल्टीवरून केंद्राशी वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि विरोधी राज्याचा हात आखडता ठेवला गेला हे पण त्यात धरा. कलांवरच्या बंदीचं समर्थन मी पण करणार नाही, तोट्याचंच काम ते. 1993 चा हुदूद कायदा, म्हणजे शरियतमधल्या शिक्षांचा, तर विधानसभेत पास होऊन कागदावरच राहिला, फौजदारी कायदा केंद्राच्या अखत्यारीत येतो म्हणून. मतदार सगळं बघत होता. 2004 ला 45 पैकी जेमतेम 24 आल्या, सरकार काठावर वाचलं. डोळे झाकून मतं पडत होती असं काही नाही.

बेगमपेठकर:
मी बाईमाणूस म्हणून बोलते. कोटा भारूचा मुख्य बाजार बायकाच चालवतात, गल्ल्यावर बाईच बसलेली, हे तिकडं जुनंच आहे आणि या सरकारनं त्याला हात लावला नाही, उलट बाजाराला हजरत खदीजांचं, म्हणजे पैगंबरांच्या व्यापार करणाऱ्या पत्नीचं नाव. आणि त्याच शहराच्या पालिकेनं 2008 ला कामावरच्या बायकांना गडद लिपस्टिक नको, उंच टाचा नकोत असं पत्रक काढलं. सुपरमार्केटात बायकांची रांग वेगळी. म्हणजे धंदा कर पण टाचा मोजून. आमच्या घरातले मोठे पण असंच बोलतात, त्यामुळं मला काही नवल वाटलं नाही, पण 'संत माणूस' म्हणून विषय मिटवू नका एवढंच.

सातरस्ता_सोलापूर:
ताई पटलं. मास्तर, मग ते गेल्यावर काय झालं? त्या भाईजानचं म्हणणं की बिगरमुस्लिम पक्षांशी पण त्यांची युती होती.

पेठेतला_मास्तर:
होती ना, 2008 नंतर अन्वर इब्राहिमांचा पक्ष आणि चिन्यांचं वर्चस्व असलेला डीएपी यांच्यासोबत. पक्षातलेच काही लोक उम्नोशी जुळवून घ्या म्हणत होते, यांनी शेवटपर्यंत अडवून धरलं. 1977 चा चटका विसरले नव्हते, असं माझं मत. 12 फेब्रुवारी 2015 ला गेले, आणि त्याच वर्षी जूनच्या अधिवेशनात मवाळ गटाचा सफाया झाला, डीएपीशी काडीमोड, सप्टेंबरात बाहेर पडलेल्यांचा अमानाह पक्ष. 2020 ला पास उम्नोसोबत केंद्रात सत्तेत बसला पण.

केएल_रिटर्न:
घरात पण फूट पडली. एक मुलगा निक अब्दुह तेव्हा पासचा खासदार होता, मोठा निक ओमर 2018 ला अमानाहकडून उभा, ते पण चेंपाकातून, वडिलांच्याच सीटवर. पासच्या उमेदवारानं पाडला त्याला.

कडक_भाकरी:
बघा, आणि आपल्याकडं नुसत्या आडनावावर तीन पिढ्या निघतात. बाकी पाण्याचं उत्तर कुणी दिलं नाही अजून.