'!' बंद करा म्हणे!

मूळ पोस्ट, रिव्ह्यूवाला: कोड रिव्ह्यूमध्ये '!' (म्हणजे 'नॉट', ट्रूचं फॉल्स करणारं चिन्ह) दिसला की मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला आलेला कोड, परत पाठवतो. एवढीशी रेघ नजरेतून सुटते. सरळ '== फॉल्स' लिहा.

घाटावरची: हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. घोळ '!'चा नाही, अग्रक्रमाचा, म्हणजे कुठलं चिन्ह आधी सुटतं त्याचा आहे. सीमध्ये `!उत्तर == 3` लिहिलंत की आधी `!उत्तर` सुटतं. ते येणार 0 किंवा 1, त्यामुळे 3 शी कधीच जुळत नाही. पायथनच्या `नॉट उत्तर == 3` मध्ये मात्र आधी तुलना, मग नकार. जावास्क्रिप्टमध्ये तर 'ऑब्जेक्टमध्ये ही की (नोंदीचं नाव) नाही ना?' असं विचारायला `!की इन ऑब्जेक्ट` लिहिलं की तुमची की राहते बाजूला, आणि बहुतेक वेळा 'फॉल्स' नावाची की शोधली जाते! `!(की इन ऑब्जेक्ट)` असा कंस टाका, मिटलं. कोडमधल्या चुका दाखवणारं ईएसलिंटसुद्धा यावर ओरडतं, लावलंय का तुमच्याकडे?

रिव्ह्यूवाला: कंस टाका म्हणे! आमच्या बिलिंगमध्ये `इफ नॉट सवलत` होतं, पायथनमध्ये. दुकानदार शून्य भरायचा, सिस्टिमला वाटायचं रकाना रिकामाच आहे, की लगेच डिफॉल्ट 10 टक्के सूट! क्लायंटच्या शिव्या मी खाल्ल्या, तुम्ही नाही. कुठला कंस वाचवणार होता?

घाटावरची: आणि तुमचं '== फॉल्स' वाचवणार होतं? पायथनमध्ये `0 == फॉल्स` ट्रू येतं, `नन` (काहीच न भरलेलं) `== फॉल्स` मात्र येत नाही. म्हणजे शून्य भरणाऱ्याला सूट मिळालीच असती, वर रकाना रिकामा सोडणाऱ्याची गेली असती. तिथे `इज नन` लागतं, साहेब.

जुना सीवाला: खोट कॉलेजात आहे. टर्बो सी या डॉसच्या जमान्यातल्या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनवर शिकलेल्या पोरांना बूल, म्हणजे ट्रू-फॉल्सचा प्रकार, कुठून ठाऊक असणार? सीमध्ये तो 1999 च्या स्टँडर्डमध्ये आला, आणि लॅबमध्ये अजून स्टँडर्डबाहेरचं `व्हॉइड मेन`!

डॉसबॉक्सग्रस्त: काका, पोरांना कशाला बोलता? मी प्रॅक्टिकलला जीसीसी या आजच्या कंपायलरवर चालणारा प्रोग्राम दाखवला, तर बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, 'गेटसीएच कुठंय?' (टर्बो सीतलं, कळ दाबेपर्यंत स्क्रीन थांबवणारं फंक्शन.) मार्क कापले. वर व्हायव्हाला विचारलं, `!!5` किती? मी 1 सांगितलं, तर म्हणे 5.

जुना सीवाला: नाव सांग त्यांचं!

डॉसबॉक्सग्रस्त: अजून एटीकेटी बाकी आहे, काका.

घाटावरची: अहो, धागा कशावर आहे?

जुना सीवाला: बाई, मूळ इथेच आहे. स्ट्रकम्प दोन स्ट्रिंगची (अक्षरांच्या ओळींची) तुलना करतं; `!स्ट्रकम्प` म्हणजे दोन्ही स्ट्रिंग सारख्या, हे पाठ करून घेतात. सारख्या असल्या की शून्य का येतं, ते कुणी सांगत नाही. मग पुढे नोकरीत '!' दिसला की धडकी भरते.

रिव्ह्यूवाला: टोमणा कळला. मी टर्बो सीवालाच. `इज नन` घेतो, बस? पण `इफ नॉट इज_नॉट_ॲक्टिव्ह` लिहिणाऱ्याचं काय करायचं?

घाटावरची: तो खुशाल परत पाठवा. माझ्यातर्फेही.

डॉसबॉक्सग्रस्त: रिचेकिंगला अर्ज केला तर प्रॅक्टिकलचे मार्क वाढतात का हो?