पुतणीला टाइप १ मधुमेह निघालाय, गुहागरात वीज जाते, इन्सुलिन कसं ठेवायचं?

पावसात दोन-दोन दिवस वीज नसते. शिवाय साखर अचानक उतरली तर काय द्यायचं?

उत्तर : न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा. गोठलं तर टाकूनच द्या, वितळल्यावरही त्याचा भरवसा नाही. वापरातलं इन्सुलिनचं पेन ३० अंशांखाली बहुधा २८ दिवस चालतं, पत्रक बघाच. आपल्याकडच्या दमट हवेत मडकं फार गार होत नाही; थर्मासमध्ये बर्फ ठेवा, पेन टॉवेलात गुंडाळून.

उत्तर : रक्तातली साखर ७०च्या (mg/dL) खाली गेली की ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. नारळाची वडी नको, खोबऱ्यातल्या तेलामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन.

उत्तर : उलट्या होऊन जेवली नाही तरी रोजचं लांब पल्ल्याचं (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन बंद करू नका हो! किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासून लगेच डॉक्टरांना कळवा.